आईला एकटीने बाहेर पडायची भीती बसलीये, ही भीती नक्की काय असते ते समजून घ्यायचंय

केतकी_इंदूर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो, घरात आईबाबा, दादा-वहिनी आणि मी. विषय आईचा आहे, वय ५४. आई म्हणजे एकटी सगळीकडे फिरणारी बाई. सीतलामाता बाजारात जाऊन साडीवर मॅचिंग ब्लाऊजपीस घेणं, तिथूनच राजवाड्याकडे जाऊन पूजेचं सामान, भजनी मंडळाची भिशी, कुणाच्या घरचं मंगळागौरीचं बोलावणं, सगळं तीच बघायची आणि तेही सिटी बसने नाहीतर मॅजिक व्हॅनमध्ये बसून.

दिवाळीच्या आधी ऐन गर्दीत तिला एका दुकानात अचानक छातीत धडधडायला लागलं, दरदरून घाम फुटला, हाताला मुंग्या, श्वास पुरेना, आणि तिला वाटलं की संपलं, आता आपण जातो. दुकानदाराने बसवलं, पाणी दिलं, दादा पोचला, दवाखान्यात नेलं. ईसीजी, टूडी इको, शुगर सगळं नॉर्मल. टेंशन घेऊ नका म्हणाले आणि घरी पाठवलं.

त्यानंतर आधी बाजार बंद झाला, मग बस बंद, मग अन्नपूर्णेच्या मंदिरात जाणं बंद, आणि आता कोपऱ्यावरच्या किराण्यात जायलासुद्धा कुणीतरी बरोबर लागतं. ती आंघोळीला गेली की बाबा दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात. दिवसभरात कितीदा तरी मला हात पुढे करून म्हणते नाडी बघ गं, चेहरा पांढरा पडलाय का बघ. आम्ही सांगतो काही नाही झालं, तू एकदम ठीक आहेस, की तिचा जीव भांड्यात पडतो, पण थोड्या वेळाने परत तेच.

लोक सांगतात मन रमवा, जप करा, विचारच करू नका. त्यांचा हेतू चांगलाच आहे. पण मला उपायांच्या आधी हे कळायला हवंय की रिपोर्ट नॉर्मल असताना शरीर असं का वागतं? आणि आम्ही घरच्यांनी सोबत करायची का नाही? कारण आपण तिला जितकं जपतोय तितकी ती आक्रसत चाललीये असं मला आतून वाटायला लागलंय.

रामबागकर
केतकीताई, आईंना लवकर बरं वाटो. एक व्यवहाराची गोष्ट आधी सांगतो. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासलं का? माझ्या धाकट्या बहिणीला असंच धडधडायचं, हात थरथरायचे, वजन उतरलं होतं, आम्ही सगळे मानसिक मानसिक करत बसलो होतो आणि निघाला वाढलेला थायरॉइड. औषधाने थांबलं. शिवाय ५४ म्हणजे पाळी जाण्याच्या आसपासचं वय, त्यातसुद्धा गरम वाफा येतात, धडधड होते, झोप मोडते. दम्याचा पंप असेल तर त्यानेही छाती धडधडते. हे सगळं एकदा नजरेखालून घालाच.

केतकी_इंदूर
धन्यवाद काका. थायरॉइड झालाय, नॉर्मल आहे. हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं म्हणून गोळ्या सुरू आहेत. पाळी दोन वर्षांपूर्वीच गेली. पंप वगैरे काही नाही.

समुपदेशक_बडोदा
केतकी, प्रश्न इतका नेमका विचारलायस की सविस्तर लिहिते. मी बडोद्याला समुपदेशनाचं काम करते. आईंना न बघता निदान करणार नाही, ते समोर बसलेल्या डॉक्टरांचं काम. तू वर्णन केलंस त्याला पॅनिक अटॅक म्हणतात आणि त्यानंतर एकेक जागा सुटत जाते त्याला अ‍ॅगोराफोबिया, पण ते राहू दे, आत काय चालतं ते बघू.

मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डला. धोका दिसला की आपण विचार करायच्या आतच तो इशारा देतो, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींमधून अ‍ॅड्रेनालिन सुटतं आणि शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं. हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली हे मांडलं. आता आईंना झालेली एकेक गोष्ट याच्याशी लावून बघ. मोठ्या स्नायूंना रक्त पुरवायचं म्हणून धडधड. पळताना अंग तापणार म्हणून आधीच घाम. कातडीकडचं आणि पोटाकडचं रक्त पायांकडे वळवलं म्हणून हात गार, चेहरा पांढरा, पोटात गोळा. त्या वेळी जेवायचं थोडंच असतं, म्हणून तोंडाला कोरड. आणि श्वास जोरात चालला पण पळणं झालंच नाही, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, त्यानेच बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. गंमत अशी की माणसाला वाटतं श्वास पुरत नाहीये, आणि प्रत्यक्षात तो गरजेपेक्षा जास्त घेतला जात असतो. म्हणून "मोठे मोठे श्वास घे" असं सांगितलं की उलट वाढतं. श्वास सावकाश सोडायला सांगायचं, सोडणं घेण्यापेक्षा लांब.

म्हणजे तुमच्या आईंच्या शरीरात बिघाड झाला नव्हता, शरीर ठरलेलं काम चोख करत होतं, फक्त चुकीच्या वेळी. गल्लीतलं इमानी कुत्रं मांजर दिसलं तरी चोर आल्यासारखं भुंकतं, तसंच. भुंकणं खरं असतं, चोर नसतो. "हे सगळं तुझ्या मनाचे खेळ आहेत" असं आईंना कुणी म्हणत असेल तर ते कृपा करून थांबवा, धडधड खरीच असते आणि त्या वाक्याने माणूस एकटा पडतो.

आता दुसरा भाग. धडधड तर जिने चढल्यावरही होते, मग तिथे का नाही घाबरत आपण? कारण तिथे तिचा अर्थ माहीत असतो. ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलं की पॅनिकमध्ये माणूस शरीरातल्या साध्या बदलाचा भयंकर अर्थ लावतो. धडधड म्हणजे हार्ट अटॅक, चक्कर म्हणजे आता पडणार. त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने अजून अ‍ॅड्रेनालिन, त्याने अजून धडधड, आणि चक्र फिरत राहतं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते इथे शब्दशः होतं. पण हा भर साधारण दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचून उतरायला लागतो, शरीराला तो तसाच धरून ठेवता येत नाही. हे आईंना माहीत नाहीये, कारण उतरायच्या आतच त्या जागा सोडून येतात.

आणि तिसरा भाग, जो तू स्वतःच ओळखलायस. निघून आलं की सुटल्यासारखं वाटतं ना? ते सुटणं हेच बक्षीस. मेंदू नोंद करतो की निघून आलो म्हणून वाचलो. मानसशास्त्रज्ञ होबार्ट मौरर यांनी १९४७ मध्ये हेच सांगितलं होतं, की भीती लागते एका कारणाने आणि टिकते टाळण्यामुळे. नाडी बघणं, चेहरा बघणं, दाराबाहेर खुर्ची, हे सगळं त्या टाळण्याचेच प्रकार. प्रत्येक वेळी मेंदूला कळतं की केतकीने नाडी बघितली म्हणून ठीक आहे.

देवासकर
वाचलं आणि माहिती म्हणून पटलं. पण ताई, मला हे जरा कठोर वाटतंय. आपल्या घरांत आजारी माणसाला सोबत करणं हीच माया. माझी आजी शेवटपर्यंत कुणी ना कुणी जवळ असल्याशिवाय झोपली नाही आणि आम्ही कुणी त्याचा कधी त्रास मानला नाही. आईला म्हणायचं जा एकटी, हे मुलीने कसं करायचं? उद्या खरंच काही झालं तर?

समुपदेशक_बडोदा
देवासकर, तुमचा मुद्दा खोडून काढावा असा नाहीच. सोबत काढून घ्या असं मी म्हणतच नाहीये. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी चिंतेने त्रासलेल्या मुलांच्या पालकांसाठी एक पद्धत बसवली. त्यात मुलावर उपचारच करत नाहीत, फक्त आईवडिलांना शिकवतात की मुलाच्या भीतीसाठी आपण जी जी मदत करतो ती हळूहळू कशी कमी करायची. २०२० साली त्यांचा अभ्यास आला, नुसत्या पालकांना शिकवूनसुद्धा मुलांना थेट थेरपी दिल्याइतकाच फायदा झालेला दिसला. तिथे ती मुलं होती, इथे ५४ वर्षांच्या बाई आहेत, पण मूळ सूत्र लागू पडतं.

सूत्र असं की दोन गोष्टी एकाच वाक्यात सांगायच्या. एक, तुला खरंच त्रास होतोय हे मला दिसतंय. दोन, तो तुला निभावता येईल याची मला खात्री आहे. नुसतं पहिलं म्हटलं तर माणूस कुशीत शिरतो, नुसतं दुसरं म्हटलं तर त्याला ढकलून दिल्यासारखं वाटतं. नाडी बघ म्हणाल्या की केतकीने म्हणायचं, आई घाबरल्यासारखं होतंय ना, कळतंय मला, होऊ दे, उतरेल, मी इथे भाजी निवडतेय, तू पण बस. हात मात्र धरायचा नाही नाडीसाठी. मायेने धरायचा असेल तर खुशाल धरा.

आणि हे आईंना आधी सांगून करायचं, एकदम नाही. "उद्यापासून आम्ही असं असं करणार आहोत, तुझ्यावर रागावून नाही" असं शांतपणे बसून सांगायचं.

"खरंच काही झालं तर" याला उत्तर आहे. छातीत दाबल्यासारखं, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, चालल्यावर वाढून बसल्यावर थांबणं, शुद्ध हरपणं, असं काही नवीन दिसलं तर घरी बसून पॅनिक आहे का हार्ट आहे हा वाद घालायचा नाही, सरळ दवाखाना गाठायचा. बायकांमध्ये तर कधी नुसता दम, मळमळ आणि थकवा एवढंच दिसतं.

ग्वाल्हेरची_सून
मी यातून गेलेय म्हणून लिहिते. मला महाराज बाड्यावर टेंपोत बसलं की व्हायचं. सगळ्यात जास्त भीती कसली होती सांगू? मरणाची नाही, लोकांसमोर धाडकन पडेन आणि पदर-बिदर सुटेल याची. माझ्या मॅडमनी मला एकच गोष्ट समजावली की चक्कर येऊन पडायला रक्तदाब खाली जावा लागतो आणि पॅनिकमध्ये तो बहुधा वर असतो, म्हणून पडल्यासारखं वाटतं पण सहसा पडत नाही. हे ऐकल्यावर मी टेंपोत बसून मनातल्या मनात म्हणायचे, ये बाई, किती यायचंय ते ये. दांडा घट्ट धरायचा नाही असंही त्यांनी सांगितलं होतं, हात मांडीवर सैल ठेवायचे. घाम यायचा, पाय लटपटायचे, शेजारची बाई आपली मटारच्या पिशवीकडे बघत बसलेली असायची, तिला माझ्याकडे बघायला वेळच नसायचा. हजीऱ्यापर्यंत जाईतो उतरलेलं असायचं. एकदा कळलं म्हणून भीती गेली असं नाही हं, पण कळलं म्हणून मला टेंपोत बसून राहता आलं, आणि बसून राहिले म्हणून गेली.

सासूबाईंनी साथ दिली. त्या कधी "काय झालंय तुला" म्हणाल्या नाहीत, परत आले की फक्त विचारायच्या मटार काय भाव होते.

अनामिका_नाथमंदिर
चक्करचा विषय निघाला म्हणून विचारते, माझा मुलगा रक्त तपासायला गेला की खरंच कोसळतो, डोळे पांढरे करतो. हे पण पॅनिकच का?

समुपदेशक_बडोदा
नाही, तो अपवाद. रक्त, सुई, जखम यांच्या भीतीत रक्तदाब आधी चढतो आणि मग झपकन पडतो, त्यामुळे माणूस खरंच कोसळतो. त्याला उपायही उलटा आहे, अंग सैल नाही सोडायचं, तर ज्या हातातून रक्त घ्यायचं नाहीये तो हात, मांड्या आणि पोट दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचं, चेहऱ्याला ऊब आली की सोडायचं, थोडं थांबून परत. स्वीडनच्या लार्स-योरान ओस्ट यांनी ही पद्धत बसवली. घरी सराव करवून घ्या आणि रक्त आडवं झोपवूनच घ्यायला सांगा.

भंवरकुआंवाला
दादा-ताई लोकं, मी पीएससीची तयारी करून राहिलोय, खंडव्याहून येऊन भंवरकुआंला रूम घेऊन राहतो. माझं बाहेर जाणंबिणं ठीक आहे पण प्रीलिम्स जवळ आली की पहाटे जाग येते आणि छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, वाचलेलं सगळं पुसलं गेलंय असं वाटतं, मग मी दिवसभर चहावर चहा मारतो आणि रात्री झोप नाही. इथे सगळ्या रूममध्ये हेच चाललंय पण कुणी बोलत नाही, सगळे म्हणतात मस्त चालू आहे. घरी सांगावं तर बाबा म्हणतील परत ये. थोडी भीती तर पाहिजे ना पण अभ्यासाला? किती भीती चांगली?

समुपदेशक_बडोदा
थोडी पाहिजेच. येर्क्स आणि डॉडसन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९०८ सालीच हे मांडलं, ताण वाढतो तसं काम एका मर्यादेपर्यंत सुधारतं आणि मग घसरतं, आणि काम जितकं अवघड तितकी ती घसरण लवकर. उजळणीला जास्त ताण चालतो, नवीन अवघड टॉपिक समजायला कमी लागतो. तू त्या मर्यादेच्या पलीकडे गेलायस असं वाटतंय. दुपारनंतरचा चहा आधी बंद कर, कॅफिनने होणारी धडधड आणि भीतीची धडधड शरीराला सारखीच वाटते. पहाटे जाग आली तर पडून विचार करू नकोस, उठून वहीत लिही. चिंतेला दिवसातली एक ठरलेली वेळ देऊन बघ, संध्याकाळी अर्धा तास, त्याच खुर्चीवर. दिवसभरात चिंता आली की वहीत एक ओळ टाकायची आणि संध्याकाळवर ढकलायची. अमेरिकेतल्या थॉमस बोर्कोवेक यांनी १९८० च्या दशकात हे तपासून बघितलंय. ऐकायला साधं वाटतं पण कर. आणि १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालाय, फुकट, रात्री-बेरात्री कधीही, घरी सांगायच्या आधी तिथे बोलून घे. मरावंसं वाटण्याचे विचार येत असतील तर आजच लाव.

रामबागकर
भंवरकुआंवाल्या बाळा, वडील परत ये म्हणतील असं तू धरून चाललायस. मी पण बाप आहे. एकदा बोलून तर बघ. आणि रविवारी पोहे खायला घरी ये, पत्ता मेसेजमध्ये पाठवतो, काकूंना मराठी बोलणारं पोरगं घरी आलं की फार आनंद होतो.

मेडिकलवाला_पलासिया
माझं मेडिकल स्टोअर आहे म्हणून गोळ्यांबद्दल लिहितो, कारण रोज बघतो. धडधड झाली की शेजारणीने दिलेली अल्प्राझोलामची अर्धी गोळी घेणारे खूप आहेत. लगेच बरं वाटतं, म्हणूनच धोका. सवय लागते, डोस वाढतो, वयस्कर माणूस झोपेच्या तारेत पडतो, आणि एकदम बंद केली तर जास्त त्रास. ती चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसते. मानसोपचारतज्ज्ञ बऱ्याचदा दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या देतात, एसिटालोप्राम किंवा सर्ट्रालीनसारख्या. त्यांचा असर दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या काही दिवसांत बेचैनी थोडी वाढूही शकते. लोक चौथ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणतात भैया याने तर घबराहट वाढली, आणि बंद करतात. हे डॉक्टरांनी आधी सांगितलेलं असतं पण घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात राहत नाही, म्हणून घरच्यांनी लक्षात ठेवावं. बंद करायच्या त्या पण डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

केतकी_इंदूर
सगळ्यांचे मनापासून आभार. बडोद्याच्या ताईंचा मोठा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. मुंग्यांचं कारण आलं तिथे मला थांबवलं आणि परत वाचायला सांगितलं. मग म्हणाली, म्हणजे त्या दिवशी मला अटॅक आलाच नव्हता? डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं की, पण "रिपोर्ट नॉर्मल" यातून तिला एवढंच कळलं होतं की अजून सापडलेलं नाहीये.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन आलो. बाहेर बसल्यावर आई पदर डोक्यावर ओढून बसली होती, ओळखीचं कुणी बघेल म्हणून, आणि समोर तिच्याच भजनी मंडळातल्या एक काकू बसलेल्या निघाल्या, त्यांना झोप येत नाही म्हणून आलेल्या. दोघी आत जायचा नंबर येईपर्यंत बोलत होत्या. छोट्या डोसची गोळी सुरू केलीये आणि तिथल्याच सायकॉलॉजिस्टकडे दर आठवड्याला जायचंय. त्यांनी तिला जागच्या जागी जोरात पावलं आपटायला लावून मुद्दाम धडधड आणली आणि विचारलं, आता काय वाटतंय? आई म्हणाली दम लागलाय. मग त्यांनी विचारलं, बाजारात हेच झालं तर?

पायऱ्या लिहून काढल्यात, आईच्याच अक्षरात, किराण्याच्या यादीच्या वहीत. प्रत्येकीपुढे भीतीचा शंभरपैकी आकडा. फाटकापर्यंत एकटी २०. किराणा ४०. अन्नपूर्णा मंदिर चालत ६०. बस ८०. सीतलामाता १००. फाटक झालं, किराणा पण झाला. पहिल्या दिवशी दुकानात गर्दी होती, तर ती बाहेर न येता पायरीवर उभी राहिली, आपला नंबर येऊ दिला आणि कोथिंबीर घेऊन आली. घरात कोथिंबीर होती, पण तो मुद्दा नव्हता. बाथरूमबाहेरची खुर्ची पण उचलली.

आता अडचण बाबांची आहे. ते आईला जा म्हणतात आणि मग गुपचूप मागून स्कूटर घेऊन निघतात, कोपऱ्यावर उभे राहून बघतात. काल आईने बघितलं त्यांना. तिचा चेहरा पडला, म्हणाली तुम्हालाच खात्री नाही तर मला कुठून येणार. बाबा काही बोलले नाहीत. बाबांना कसं सांगू?

देवासकर
केतकीताई, बाबांचं मला अगदी समजतं. त्या दिवशी दुकानातून आलेला फोन त्यांनीच उचललेला असणार ना. त्यांच्यासाठी तो दिवस संपलेलाच नाहीये.

समुपदेशक_बडोदा
देवासकरांनी बरोबर सांगितलं. बाबांना समजावू नकोस, त्यांनाही वहीत घे. आईंच्या आकड्याशेजारी बाबांचा रकाना कर. "ती मंदिरात गेली असताना मी घरी थांबणं" याला त्यांच्या मते शंभरपैकी किती? बहुतेक आईंपेक्षा जास्त येईल, आणि तो आकडा आईंनी वाचलेला बरा. मंदिराच्या दिवशी त्या निघाल्या की बाबांनी स्कूटरची चावी तुझ्याकडे द्यायची, आणि आई परत येईपर्यंत दर पाच मिनिटांनी आपला आकडा लिहायचा. फोन करायचा नाही, दोघांपैकी कुणीच. पुढच्या सत्राला बाबांनाही घेऊन जा आणि ती वही बरोबर ने.